आधी किक मारू नका!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे नव्या मोटारसायकलींवर पुन्हा आली आणि म्हैसूरला १९६१ ते १९९६ या काळात बनलेल्या जुन्या गाड्यांना एकाएकी भाव चढला. गोठ्यात, जिन्याखाली, वाड्याच्या पडवीत पोती टाकून झाकलेल्या गाड्या बाहेर निघू लागल्या. त्याचा आनंदच आहे. पण या गाड्या ज्या पद्धतीने बाहेर काढल्या जातात ती पाहून जुन्या दुचाकींवर रोज काम करणाऱ्या आम्हा मंडळींच्या पोटात गोळा येतो. फडक्याने धूळ पुसायची, टाकीत लिटरभर पेट्रोल ओतायचे, कोणीतरी मोबाइल धरून उभा राहायचा आणि "वीस वर्षांनी पहिली किक" म्हणत सगळ्यांनी आळीपाळीने किकवर नाचायचे. वीस वर्षांत जे इंजिन बिघडले नव्हते ते या अर्ध्या तासात कायमचे बिघडते. म्हणून हे पत्र. जागा थोडी जास्त लागेल, पण दिवाळीच्या साफसफाईत अशा गाड्या हमखास निघतात, तेव्हा छापावे ही विनंती.

उदाहरण म्हणून सगळ्यात जास्त सापडणारी गाडी घेऊ: एकाच सिलिंडरची, दोन सायलेन्सरची २५० सीसी जावा किंवा येझदी. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्यात तेलाचा पंप नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या, क्रँक फिरतो त्या बंद खोलीत) उडते आणि त्यावरच क्रँकची बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग, पिस्टन आणि रिंगा जगतात. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जाते, तेल हळूहळू ओघळून तळाशी साठते आणि वरचे सगळे भाग कोरडे पडतात. त्यात एखादा पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली खिडकी, उघडा राहिला असेल, तर सायलेन्सरमधून दमट हवा थेट सिलिंडरच्या भिंतीला लागते. आमच्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात किंवा कोकणातल्या खाऱ्या हवेत दोन-तीन वर्षेही पुरतात. सिलिंडर बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा, रिंगा पुन्हा बिडाच्या. गंज धरतो तो रिंग आणि भिंत यांच्यामध्ये. अशा वेळी जोराने किक मारली तर गंज सुटतोही, पण रिंग तुटण्याची भीती मोठी. तुटलेला तुकडा पोर्टमधून क्रँककेसमध्ये उतरला, की पुढचा खर्च विचारू नका. रिंग नाही तुटली तर किकचे दाते जातात. या गाडीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच, त्यामुळे तिथला बिघाड म्हणजे डाव्या बाजूचे सगळे कव्हर उघडणे आले.

तेव्हा पहिले काम स्पार्क प्लग काढण्याचे. त्याच्याभोवतीची माती आधी ब्रशने झाडावी, नाहीतर ती आतच पडते. भोकातून निम्मे डिझेल आणि निम्मे इंजिन ऑइल असे १५ ते २० मिलिलिटर मिश्रण सोडावे, प्लग हाताने नुसता टेकवून ठेवावा आणि दोन दिवस गाडीला हात लावू नये. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चौथ्या गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक हाताने पुढे-मागे हलवून पाहावे. चौथ्या गिअरमध्येही चाकाकडून क्रँकवर जोर कमीच पोचतो, म्हणून हा उपाय सुरक्षित. चाक इंचभर जरी हलले तरी काम झाले समजा. तसेच डोलवत डोलवत पूर्ण फेरा होऊ द्यावा. अजिबात हलत नसेल तर पुन्हा तेल, पुन्हा दोन दिवस. आठवडाभराने फरक पडला नाही तर हेड आणि सिलिंडर उतरवण्याला पर्याय नाही. पिस्टनच्या डोक्यावर हातोडा कोणीही मारू नये, लाकडाचा ठोकळा मध्ये धरूनसुद्धा. तो दणका थेट कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगवर जातो.

आमचे मत विचाराल तर पंधरा-वीस वर्षे बंद असलेली गाडी मोकळी फिरत असली तरी सिलिंडर एकदा उतरवावाच. तासा-दीड तासाचे काम आहे आणि तळाशी काय साठले आहे ते बॅटरीच्या उजेडात दिसते. काळे घट्ट तेल असेल तर रॉकेलने धुऊन भागते. तांबूस पाणी किंवा चिखलासारखा थर दिसला तर बेअरिंगे गेली असे धरून क्रँक बाहेर काढावा. कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली ओढून पाहावा: वर-खाली खेळ अजिबात नको, बाजूला थोडा डुलला तर चालतो. हा फरक न कळल्याने चांगले क्रँक उगाच खोलून पुन्हा प्रेसवर दाबून जोडायला जातात आणि गेलेले तसेच बसवले जातात.

सिलिंडरला बोटाच्या नखाला अडेल अशी रेघ किंवा खड्डा असेल तर तो बोअर करून, म्हणजे आतून कापून मोठा करून घ्यावा. मूळ बोअर ६५ मिलिमीटर, पिस्टन ०.२५ च्या पायरीने वाढीव मापात मिळतात. क्रम महत्त्वाचा: आधी पिस्टन विकत घ्यावा, तो मायक्रोमीटरने मोजावा आणि मग त्या पिस्टनला बोअर करायला सांगावे. बाजारातले दोन पिस्टन एका मापाचे नसतात. फट साधारण ५ ते ६ शतांश मिलिमीटर ठेवावी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम डोळे झाकून करणारे कारागीर आहेत, पण त्यांतले बरेच जण ट्रॅक्टर आणि पंपाच्या फोर-स्ट्रोक सिलिंडरांना सरावलेले. त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात. बोअर केल्यावर त्या खिडक्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. पिस्टनची रिंग तिथून जाताना किंचित बाहेर फुगते आणि त्या धारेत अडकते. म्हणून प्रत्येक खिडकीची वरची आणि खालची कड बारीक तेलदगडाने मोडून घ्यायची, अंधारात बोट फिरवले तरी कड लागू नये इतपत. त्यानंतर होनिंग (दगडाने आतून बारीक घासणे), त्यानंतर गरम साबणाच्या पाण्याने धुणे आणि लगेच तेलाचे बोट. नव्या कोऱ्या पिस्टनवर शंभर किलोमीटरच्या आत रिंग तुटली, की दोष पिस्टनच्या कंपनीला दिला जातो. बहुतेक वेळा ती मोडायची राहून गेलेली कड असते. रिंग बसवताना तिची दोन टोके पिस्टनच्या खाचेतल्या बारीक खिळीवरच यायला हवीत, तेही पाहावे.

आता ऑइल सील. याविषयी लोक सगळ्यात बेफिकीर असतात आणि इंजिने सगळ्यात जास्त यामुळेच जातात. क्रँकच्या दोन टोकांना दोन सील असतात. रबर उभ्या उभ्या कडक होते, त्याची ओठासारखी कड शाफ्ट सोडते. डावा सील गेला की क्लच आणि गिअरबॉक्सचे तेल क्रँककेसमध्ये ओढले जाते: धूर पांढरा आणि न संपणारा, प्लग सारखा ओला, आणि गिअरबॉक्समधले तेल बाहेर कुठेही थेंब न पडता कमी होत जाते. हा निदान दिसतो तरी. डायनॅमोच्या बाजूचा उजवा सील गेला तर काहीच दिसत नाही. तिथून नुसती हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, गाडी उलट छान हलकी पळते, थ्रॉटल सोडला तरी रेस उतरायला वेळ लागतो आणि एखाद्या घाटात पिस्टन सिलिंडरला धरतो. मागचे चाक जाम होऊन माणूस पडतो तो असा. दोन्ही सील मिळून खर्च किरकोळ आहे, तेव्हा "आत्ता चालतंय ना" हा विचार इथे नको. तपासायचेच असेल तर इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या चकतीने बंद करून सायकलच्या पंपाने सहा पीएसआय दाब भरावा. सहा मिनिटे टिकला तर ठीक. न टिकल्यास साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे जागा दाखवतात. नवा सील घेताना जुन्यावरची तीन मापे वाचून न्यावीत. "जावाचा सील द्या" म्हणून जे मिळते ते बसेलच असे नाही.

टाकीकडे वळू. झाकण उघडताच वार्निशसारखा आंबूस वास आला तर जुने पेट्रोल गोंद होऊन बसले आहे. आत गंज असेल तर पाच-सहा लिटर साधे पांढरे व्हिनेगर भरून रात्रभर ठेवावे, मग मूठभर बारीक नट टाकून टाकी हलवावी. नट मोजून टाकावेत आणि मोजूनच काढावेत. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा धुवावे, लगेच गरम हवेने वाळवावे आणि लगेच पेट्रोल-तेलाचे मिश्रण आत फिरवावे. उघडे झालेले लोखंड दमट हवेत तासाभरात पुन्हा तांबूस होते. बाहेरच्या क्रोमवर आणि रंगावर आधी ग्रीस फासून प्लॅस्टिक बांधावे. टाकीला भोक असल्यास झाळकाम किंवा वेल्डिंग करणाऱ्याला टाकीत पूर्वी पेट्रोल होते हे स्पष्ट सांगावे. महिनोन्महिने रिकाम्या टाकीतही वाफ राहते आणि तिचा स्फोट होतो. टाकी काठोकाठ पाण्याने भरून, जेवढा भाग जोडायचा तेवढाच वर ठेवून काम करायचे असते. झाकणातले बारीक हवेचे भोकही सुईने मोकळे करावे. ते बुजलेले असले की गाडी चार-पाच किलोमीटर नीट जाते आणि मग पेट्रोल उतरेनासे होते. लोक कार्ब्युरेटर पाच वेळा खोलतात.

कार्ब्युरेटर बहुतेक गाड्यांवर जिकोव्ह या नावाचा असतो. तो टाकून देऊन दुसऱ्या गाडीचा बसवण्याची घाई हल्ली फार. बरेचदा गरज नसते. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी नळकांडे, कधीही तारेने टोचू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे झाले की त्यावरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. पेट्रोलमध्ये भिजवून हवा मारावी, फार तर दात घासायच्या ब्रशचा एक केस. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवावा, आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे. आणि इंजिनला जोडणारा फ्लँज पाहावा: वर्षानुवर्षे दोन बोल्ट करकचून आवळल्याने तो मधे फुगून केळ्यासारखा वाकलेला असतो. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून तो सपाट घासून घेतला आणि नवे पॅकिंग टाकले, की अर्धे "जिकोव्हचे दुखणे" तिथेच संपते. हवेच्या फिल्टरच्या डब्यात आणि सायलेन्सरच्या तोंडात उंदरांची घरटी आणि कुंभारीण माशीची मातीची घरे असतात, हे सांगून कोणाला खरे वाटत नाही, उघडल्यावर वाटते. सायलेन्सरमधली आतली नळी काढून कॉस्टिक सोड्यात भिजवली की कार्बन सुटतो, पण सिलिंडर हेड किंवा पिस्टन चुकूनही त्यात टाकू नये. ॲल्युमिनियम विरघळते.

विजेचे काम किचकट नाही, फक्त संयमाचे आहे. पॉइंटवर (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कावर) पांढुरका थर धरलेला असतो, तो बारीक पॉलिश पेपरने काढून कोरा कागद मध्ये ओढून पुसावा आणि फिलर गेजने ०.४ मिलिमीटर फट ठेवावी. कंडेन्सर जुना असेल तर सरळ बदलावा. पॉइंटमध्ये ठिणग्या उडत असतील आणि प्लगवर पिवळी मरतुकडी ठिणगी असेल तर तोच दोषी. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी साधारण ३ मिलिमीटरवर पॉइंट उघडायला हवेत, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या. ३५ वॉटचा दिवा ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर खातो, १२ व्होल्टवर तीनच. म्हणून गंजलेले अर्थिंग (वायर चेसिसला जोडते ती जागा) आणि सैल जोड या गाड्यांना दुपटीने भोवतो. १२ व्होल्ट करा म्हणणाऱ्याकडे जाण्याआधी अर्थिंगच्या जागेवरचा रंग खरवडून नवी वायर टाकून पाहावी.

क्लचप्लेटा बुचाच्या असतात आणि लोखंडी प्लेटांना चिकटून बसतात. क्लच दाबून गिअर टाकल्यावर गाडी धक्का देऊन पुढे झेपावते, ती यामुळे. कव्हर उघडून प्लेटा सोडवाव्यात. नव्या टाकायच्या तर रात्रभर तेलात भिजवूनच. गिअरबॉक्स, क्लच आणि प्रायमरी चेन यांना तेल एकच, सुमारे एक लिटर. कारचे आधुनिक निसरडे इंजिन ऑइल तिथे ओतले की क्लच घसरतो. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ती धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधून टाकावी. लायनिंग ब्रेक शूपासून सुटले आहे का ते स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ठोकून पाहावे. टायरवर नक्षी कितीही शिल्लक असो, दहा वर्षांपूर्वीचा टायर काढून टाकावा. केबलींपैकी थ्रॉटलची केबल कुठलाही विचार न करता नवी घ्यावी.

आता किक. पेट्रोल ताजे आणि थोडेच, लिटरला ४० मिलिलिटर टू-टी तेल. "बरेच दिवस बंद होती, जरा जास्तच तेल टाक" हा सल्ला घातक आहे. तेल वाढले की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते आणि इंजिन उलट जास्त तापते. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी. सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे धूर येणारच, आत सोडलेले तेल जळते. दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावी, गार होऊ द्यावी, पुन्हा. रेस आपोआप चढू लागली तर चावी बंद करावी. तरी थांबली नाही तर कार्ब्युरेटरच्या तोंडात जाड फडके दाबावे. ते फडके आधीच हाताशी असावे. गाडी रोज वापरणार नसाल तर टाकीत पेट्रोल साठवू नका. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसतात, नेमके टाकीखालच्या पेट्रोल कॉकच्या तोंडाशी. फेरी मारून आल्यावर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवण्याची जुनी सवय आज जास्त गरजेची झाली आहे.

शेवटी कागदपत्रे, जी खरे तर सुटे भाग घेण्याच्याही आधी पाहावीत. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो, नोंदणीचे पुस्तक (आरसी) हरवले असेल तर फॉर्म २६, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीला २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्यांना रविवारी बाजारापर्यंत जायचे आहे त्यांनी हौसेने विंटेजच्या मागे न लागता साधे नूतनीकरणच करावे.

अडचण जुन्या तीन अक्षरी नंबरांची आहे. यांतल्या कित्येक गाड्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नसते आणि ती चढल्याशिवाय पुढचा कुठलाच अर्ज भरता येत नाही. मूळ रजिस्टर कार्यालयाच्या कपाटात कुठेतरी असते, ते शोधायला माणूस नसतो. वर्षातून एकदा, जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिन साजरा होतो, तेव्हा शहराशहरांत या गाड्या एकत्र येतात. परिवहन विभागाने त्या महिन्यात प्रत्येक जिल्ह्यात दोन दिवस फक्त अशा नोंदींसाठी ठेवले तर बराच गुंता सुटेल. मालकांनी तोवर एवढे करावे: गाडी रंगाला किंवा सँडब्लास्टिंगला देण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलची छाप घ्यावी, फोटो काढावेत आणि नंबरच्या जागेवर जाड टेप चिकटवून मगच गाडी द्यावी. ब्लास्टिंगमध्ये नंबर पुसट झाला की तपासणीत गाडी अडते आणि नंतर पुन्हा नंबर ठोकायला कोणी परवानगीशिवाय हात लावला तर तो गुन्हा ठरतो.

आपले,
जुन्या दुचाकींवर काम करणारे काही वाचक,
कोल्हापूर